वाचून, समजावून सांगितले

उरण
शुक्रवार

प्रिय रणजीत,

तुझे तीन मिस्ड कॉल आणि ‘ताई, कागद सापडला का?’ हा मेसेज, सगळं पाहिलं. कागद सापडला. खरं तर तो हरवलाच नव्हता. सहा वर्षं तो माझ्या मार्कशीटच्या फोल्डरमध्ये, प्लास्टिकच्या कव्हरात आहे. गेल्या आठवड्यात ‘शोधतेय रे, असेल कुठेतरी’ म्हणाले, ती शुद्ध थाप होती. याहून मोठी थाप पुढे येणार आहे, तेव्हा बूट काढ, पंखा लाव आणि शेवटपर्यंत वाच. अर्ध्यातून उठून मला फोन करायचा नाही. तुझी सवय माहीत आहे मला.

सोमवारी तू वैशालीबरोबर कामगार अधिकाऱ्यांपुढे उभा राहणार आहेस, हे आईने मला मोठ्या कौतुकाने सांगितलं. वैशालीचा नवरा जयप्रकाश तुझ्या शिफ्टचा, तुझ्याच डब्यातलं खाणारा. तळोज्याच्या कंपनीतल्या ज्या टाकीतून आपल्या तात्यांना गेलेले बाहेर काढलं, त्याच टाकीतून दोन महिन्यांपूर्वी त्यालाही तसंच काढलं. कंपनीची माणसं वैशालीकडे कागद घेऊन गेली आणि तिने सही केली नाही, कारण तू तिला म्हणालास, “वहिनी, थांबा. आमच्या तात्यांच्या वेळी कंपनीने चूक कबूल केलीय, लेखी आहे आपल्याकडे.” ते लेखी तू सोमवारी टेबलावर ठेवणार, हे आता सगळ्या शिफ्टला माहीत आहे. रणजीत, तो कागद घरात वाचून दाखवणारी मी होते.

कळंबोलीची आपली ती खोली आठव. बाहेर दिवसभर ट्रकचे हॉर्न आणि आत मी पत्र्याच्या ट्रंकेवर बँकेच्या परीक्षेचं ते विटेएवढं पुस्तक ठेवून बसलेली. वाक्यातली चूक ओळखा, गाळलेल्या जागा भरा, समानार्थी शब्द लिहा आणि शेवटी इंग्रजी उतारा. तू मोबाइलवर आठ मिनिटं लावायचास आणि सातव्याच मिनिटाला “टाइम अप!” म्हणून ओरडायचास, हलकटा. तात्या पहिल्या पाळीहून आले की हातपाय धुऊन माझ्या शब्दांच्या चिठ्ठ्या घेऊन बसायचे. त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. चिठ्ठी उलटी धरून ऐटीत विचारायचे, “हां, ह्येचा अर्थ सांगा बाईसाहेब.” मी काहीही सांगितलं तरी “बरुबर” म्हणून पुढची चिठ्ठी काढायचे. एकदा मी मुद्दाम चुकीचा अर्थ सांगितला, त्यालाही त्यांनी तितक्याच अभिमानाने बरुबर म्हटलं आणि तू हसून हसून आडवा झालास. आता मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

तात्या गेले तेव्हा माझी प्रीलिम निघाली होती आणि मुख्य परीक्षा महिन्यावर आली होती. तेराव्याच्या दिवशी पंगत उठायच्या आत कंपनीचे दोन साहेब आले. साताऱ्याहून आलेले काका, शेजारीपाजारी, सगळे त्या खोलीत दाटीवाटीने बसलेले. साहेबांनी दीड पानाचा इंग्रजी कागद पुढे केला तसे काका म्हणाले, “आमच्या सुनयनाला इंग्रजी येतंय, तिला वाचू द्या आधी.” सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. तात्यांनीही तसंच पाहिलं असतं.

क्लासच्या सरांनी आमच्याकडून एक युक्ती घोटून घेतली होती. उतारा आधी वाचायचाच नाही. आधी प्रश्न वाचायचे आणि उताऱ्यात फक्त त्यांची उत्तरं शोधायची, बाकीच्या मजकुरात अडकलात की वेळ गेला. मी तो कागद तसा घाईघाईत वाचला, असं सांगून मला सुटता आलं असतं. पण नाही. मी तो दोनदा पूर्ण वाचला आणि ओळ न् ओळ मला कळली. त्यात लिहिलं होतं की मानसिंग शेडगे हे सूचना मोडून, मास्क न लावता, स्वतःच्या मर्जीने टाकीत उतरले. चूक सर्वस्वी त्यांची, कंपनीची काही नाही. कुटुंबाला हे मान्य आहे आणि ते कुठेही दाद मागणार नाहीत. शेवटी चार ओळी होत्या, की कंपनी माणुसकी म्हणून घरातल्या एकाला कामावर घेईल. मी तेवढ्याच चार ओळी मराठीत सांगितल्या. मग आईने विचारलं, “ह्येंची काय चूक हुती, आसं लिवलंय का गं त्येच्यात?” मी म्हणाले, नाही आई, कंपनीने स्वतःची चूक कबूल केली आहे. आईने डोळे पुसले आणि एकेक अक्षर जोडत सही केली.

आईला आणखी दुःख नको म्हणून बोलले, असं मी सहा वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. मला परीक्षा द्यायची होती. खरं वाचलं असतं तर काकांनी तिथेच कागद फाडला असता, केस उभी राहिली असती आणि थोरली म्हणून पोलीस-वकिलांच्या दारात मलाच जावं लागलं असतं. घर चालवायला कुणीतरी कामाला लागणं भाग होतं आणि ते कुणीतरी मी नसावं, एवढंच मला त्या वेळी हवं होतं. साहेबांनी कुणाचं नाव घालायचं म्हणून विचारलं, तेव्हा मी तुझं सांगितलं. तू नुकता अठरा पुरे केलेला, बारावी तोंडावर आलेली. तरी मुख्य परीक्षेला तूच मला सेंटरवर सोडलंस आणि तिथून तसाच दुसऱ्या पाळीला गेलास. इंग्रजीत मला सगळ्यांत जास्त मार्क पडले. आईने चाळभर पेढे वाटले, तुझ्या पगारातले.

गेल्या वर्षी जेवताना तू हसत हसत म्हणालास, “मास्क? ते तपासणीच्या दिवशीच कपाटातून निघतात, ताई. एरवी चावी साहेबाकडं.” तू आणखी भात मागितलास आणि मी वाढला. त्या क्षणी मला समजलं होतं की तात्यांच्या नावावर काय लिहिलं गेलंय आणि ते कुणी लिहू दिलंय. तेव्हा बोलायला हवं होतं. तेव्हा जयप्रकाश जिवंत होता. हे वाक्य मी रोज बँकेत जाताना मनात म्हणते आणि ते दिवसेंदिवस जड होत चाललंय. सोमवारची सुनावणी नसती तर मी अजूनही गप्प बसले असते का? बहुतेक हो. तुझ्या ताईची किंमत तेवढीच आहे, हेही तुला माहीत असू दे.

इथे बँकेत माझं काम काय असतं सांगू? मोरा बंदरावरची रंगूबाई मासळीचा बाजार आटपून येते, माझ्यापुढे फॉर्म सरकवते आणि म्हणते, “तूच वाच बाय. तू सांगशील तिथं आंगठा करतंय.” मी वाचते, सांगते, ती अंगठा उठवते, आणि मजकूर हिला समजावून सांगितला अशा ओळीखाली मी सही करते. परवा माझा पेन तिथे थांबला. रंगूबाई म्हणाली, “काय झालं? काय वायट लिवलंय काय?” मला तिच्याकडे बघवेना. मी आत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि संध्याकाळी घरी आल्यावर तुझ्या दाजींना, निखिलला, सगळं सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, की रणजीतला कधी सांगतेस.

तेव्हा आता नीट ऐक. नुसता तो कागद टेबलावर ठेवू नकोस. कंपनीकडे त्याची प्रत आहे. ते ती उघडतील, तात्यांची चूक सगळ्यांसमोर वाचतील, तू खोटा पडशील आणि तुझ्या भरवशावर बसलेल्या वैशालीलाही सही करायला लावतील. पण त्या कागदावर आईच्या सहीखाली आणखी एक ओळ आहे, की वरील मजकूर सही करणाऱ्या बाईंना मराठीत वाचून, समजावून सांगितला. तिच्याखाली माझी सही आहे. ती ओळ खोटी आहे. आई कशावर सही करतेय हे तिला माहीत नव्हतं आणि ते मी जाणूनबुजून लपवलं. फोनवर बोलले असते तर ते टेबलावर ठेवता आलं नसतं, म्हणून हे पेनाने लिहिलंय आणि मूळ कागदाबरोबर निखिलच्या हाती पाठवतेय. दोन्ही वैशालीच्या वकिलांना दे. कायद्यात हे किती टिकेल आणि बँक माझं काय करेल, मला माहीत नाही. विचारतील तिथे मी येऊन हेच सांगेन. फक्त आईला तू काही बोलू नकोस. तो प्रश्न तिने मला विचारला होता, उत्तर मीच द्यायचं आहे. रविवारी सकाळी येते. मी सांगत असताना तू तिच्याजवळ बसून राहा, माझ्याजवळ नको. खाली लग्नाआधीचं नाव लिहितेय आणि सही त्या कागदावर आहे तशीच करतेय, म्हणजे कुणाला शंका राहायला नको.

तुझीच,
सुनयना मानसिंग शेडगे