नेरेओच्या पायातली पट्टी

प्रिय नेरेओ,

आई रोज माझ्या मागे लागते, "लिही त्याला चार ओळी. प्वेर्तो रिकोला पोचला आणि आम्हाला विसरला, गाढव कुठला!" तू समुद्र ओलांडायला चोरून होडीत बसून गेलास, त्यानंतर तुझा फोन नाही, पत्ता नाही. तरी आज लिहायला बसलोय.

मी अजून कप्तान बाल्दोमेरोकडेच आहे. बुडालेलं स्पॅनिश गलबत शोधतो. पाण्याखाली वाळूवरून यंत्र फिरवायचं आणि ते वाजलं की खणायचं. बहुतेक वेळा बिअरचे डबेच निघतात.

आज खडकांपाशी वाजलं. हाताने वाळू उपसली, तर खाली स्टीलची पट्टी, स्क्रूंसकट. वरचा स्क्रू तिरका. मोटारसायकलवरून पडलास तेव्हा तुझ्या पायात बसवलेली, तीच; एक्स-रेमध्येही तो स्क्रू असाच तिरका दिसायचा. तो एक्स-रे तू गावभर पोरींना दाखवत फिरायचास, "बघा, मी अर्धा लोखंडाचा!"

आपल्या अंगणातला दिवा दिसेल इतक्याच अंतरावर होतास रे.

शेजारी जे होतं, ते तिथेच नीट झाकून आलो. वर येताच कप्तान ओरडला, "काय रे, सोनं की डबा?"

"डबाच," मी म्हणालो.

पट्टी आत्ता माझ्या खिशात आहे. आई केळी तळतेय. मी लिहितोय हे बघून कधी नव्हे ती गुणगुणतेय. आता चुलीजवळून हाक मारते, "आणि हे विचार हं, पाय अजून ठणकतो का रे त्याचा?"

"विचारलं, आई."

तुझा दादा,
एलादियो