नऊशे जणांनी नाव घेतलेला नवरदेव

ती. मंगलाआत्या,

नाशकातून भाची निकिताचा वाकून नमस्कार. तुझ्या कंबरेला आणि मामांच्या बीपीला माझ्याकडून विचार. आमच्याकडे सगळं ठीक आहे, म्हणजे आजी बोलत नाही, ताई जेवत नाही, पप्पा घरात थांबत नाहीत, बाकी मजेत.

फोन का नाही केला म्हणशील. तू हॅलो म्हटलीस की माझा घसा बंद पडतो, मग तू ‘रेंज नाय वाटतं’ म्हणून ठेवून देतेस. कागदावर कोणी हॅलो म्हणत नाही, म्हणून इथे मी लय बोलते. बारकूकाका मोकळी पिकअप घेऊन सटाण्याला चाललेत, त्यांच्याकडे पत्र देतेय. (काका, वाचून झालं असेल तर नीट चिकटवून द्या.)

तर गेल्या रविवारी योगिनीताईला बघायला पाहुणे आले. मुलगा सार्थक आणि त्याचे वडील चिंतामणराव. मुलगा डॉक्टर, एवढंच मध्यस्थाने सांगितलेलं, त्यामुळे पप्पांनी पोहे यायच्या आत पँट वर करून गुडघा पुढे केला. तर तो म्हणाला, काका, मी तसला डॉक्टर नाही, मी विषाचा डॉक्टर. आजीने लगेच विचारलं, साप चावला तर विष उतरवतोस का? नाही. मग पाजतोस? तर म्हणाला, मोजतो. द्राक्षावर मारायचं औषध पाण्यात घालायचं, त्यात मासे सोडायचे, आणि किती औषधाला किती मासे मरतात ते लिहून काढायचं. केवढं हे शिक्षण. आपल्याकडे हेच काम नाल्यात बिनपगारी चालतं, फक्त कोणी लिहून काढत नाही.

मग चिंतामणराव छाती काढून म्हणाले, आमच्या सार्थकचे एकतीस पेपर निघालेत. पप्पांना वाटलं परीक्षेचे. त्यांनी पोराच्या पाठीवर हात ठेवून धीर दिला, निघतील, राहिलेलेही निघतील, आमच्या कंपनीतल्या साहेबाचा मुलगा तर सहाव्या वर्षी सुटला. (मी नववीत दोनच पेपर देऊन शाळा सोडली. हा एकतीस देऊनही सोडत नाही. हुशार कोण ते तू ठरव.) तेव्हा कळलं की पेपर म्हणजे त्याने शोधून काढलेलं इंग्रजीत छापतात ते. कोण वाचतं? तर त्याच्यासारखेच दुसरे मासे मारणारे. आणि वाचून काय करतात? इथे चिंतामणरावांनी घात केला. म्हणाले, आपल्या पेपरात याचं नाव घेतात. आजपर्यंत नऊशे जणांनी आमच्या सार्थकचं नाव घेतलंय.

आजीची बशी तोंडापाशी थांबली. आता आत्या, आजीच्या लेखी नाव कोण कुणाचं घेतं, ते तुला सांगायला नको. तिने आजोबांचं नाव जन्मात एकदा घेतलं, तेही गल्लीतल्या बायकांनी दार अडवल्यावर. ती हळूच म्हणाली, बाया बी घेतात का? चिंतामणराव खूश. बायाच जास्त घेतात, म्हणाले, कोरियातल्या एका बाईने तर एकाच पेपरात अकरा वेळा घेतलं.

‘अन तू रे?’ आजीने मुलाला विचारलं.

‘मीपण घेतो ना आजी. सगळ्यांचं घ्यावं लागतं, नाहीतर बरं दिसत नाही.’

स्वतःचंसुद्धा अधूनमधून घेतो, हेही त्याने सांगून टाकलं. किती सोय. ताईला सासरी जाऊन काही कामच उरलं नाही. मग त्याचा एच सतरा आहे असं काहीतरी निघालं. त्याने बोटांवर समजावलं, की त्याचे सतरा पेपर असे आहेत, ज्यांना प्रत्येकी निदान सतरा वेळा तरी नाव मिळालंय. आजी म्हणाली, ‘म्हणजे सतरा बाया तर पक्क्या शेतस.’ आणि उठून आत गेली.

मला सगळं कळत होतं गं. पण हातात ट्रे, समोर पाहुणे, माझ्या तोंडून आवाज निघाला तो फक्त कपबशांचा. पप्पांनी दाराआड जाऊन सावरायचा प्रयत्न केला. आई, नाव घेतात म्हणजे दाखला देतात. झालं. आजी म्हणाली, नऊशे शाळांनी दाखला हातात दिला? आमच्या या पोरीला तर एकाच शाळेने दिला. (ही पोरगी म्हणजे मी. पाहुण्यांना माझी ओळख अशी झाली.)

पाहुणे गेले. आजीने जाहीर केलं, हा पोरगा नको, आणि पिंपळगावच्या औषधवाल्याला येत्या रविवारी शब्द द्यायचा. त्याचं दुकान आहे, तेच द्राक्षावरचं औषध विकतो. म्हणजे विष मोजणारा वाईट, विष विकणारा चांगला. बरोबरच आहे, विकणाऱ्याचं नाव कोण घेणार. तो बघायला आला होता तेव्हा त्याने ताईला एकच प्रश्न विचारला होता, वजन किती. सार्थकला मात्र माशांचं सांगताना वाईट वाटत होतं, ते ताईने पाहिलं. तेव्हापासून ती जेवत नाही.

असो. तुम्ही सगळे काळजी घ्या, आमची करू नका.

तुझी भाची,
निकिता

ता.क. आमची काळजी करू नका हे रीत म्हणून लिहिलंय. रविवारच्या आत ये. आजी या घरात कोणाचं ऐकत नाही, तुझंच ऐकते. पप्पा तुला बोलवणार नाहीत, त्यांना वाटतं बहिणीला बोलावलं म्हणजे हरलो.

ता.क. दुसरं. पत्र घडी घालत होते तर आजी मागे उभी. कोणाला लिहितेस म्हणाली. मी तिला, आत्या, पहिल्यांदाच एका दमात सगळं सांगितलं, पेपर काय, नाव काय. ती म्हणाली, ते मला सोमवारीच कळलं, ताईने रडत सांगितलं. पण पाहुण्यांसमोरून उठून आले आणि शेजारच्या सुलाबाईला पोरगा नको म्हणून सांगून बसलेय, आता आपलं आपण कसं फिरवू? तेव्हा मंगलाला लिही, ये आणि मला समजाव. पण तासभर तरी भांडायला सांग, सुलाबाईला ऐकू जाईल असं. लगेच ऐकलं तर बरं दिसायचं नाही.