पलंगाच्या कडेवरची पाठ

शनिवार, ३ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ., आणि दोन महिने पत्र नाही म्हणून कानही पिळला असं समज.

फोनवर तुझं निम्मं बोलणं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू पुटपुटतोस, म्हणून हा कागद. माझं ठीक चाललंय. थंडी आहे, लोक पेट्यांतून कोट काढतात आणि कसरीने केलेली भोकं घेऊन माझ्याकडे येतात. रफूला हात पुरत नाही.

काळजी आहे ती मुकादमाची. यांनी तो आणला तेव्हा चिमटीएवढं पाखरू होता. आता सहा वर्षांचा. माझ्या कामावर देखरेख करतो, टाका चुकला की दोरा ओढतो, म्हणून हेच त्याला मुकादम म्हणायचे. गेले दहा-बारा दिवस सकाळी तो गप्प असतो. पिसं फुलवून गोळा होऊन बसतो, डोळे अर्धे मिटलेले. मी पिंजरा बाहेरच्या खोलीत आणला की दुपारपर्यंत जरा हुशार होतो. तू जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर. औषध असेल तर कळव.

आणखी एक. हसू नकोस. यांना जाऊन मार्चमध्ये तीन वर्षं होतील. पण काल पहाटे हे आले होते. पलंगाच्या कडेला माझ्याकडे पाठ करून मोजे घालत बसले होते, छापखान्यात जाताना बसायचे तसे. उजाडल्यावर बघितलं तर कुणी नाही.

घरातल्या सगळ्यांना सांभाळ, स्वतःच्या पोटालाही.
तुझी ताई


बुधवार, ७ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. कान पोचला. अजून लाल आहे.

आधी मुकादमाचं. पक्षी आजार लपवतो. कमजोर दिसला की थव्यातून बाहेर पडतो, ही भीती त्याच्या रक्तात असते. त्यामुळे आपल्याला कळतं तोवर त्याचं बरंच दुखून झालेलं असतं. तू लवकर पाहिलंस, हे चांगलं झालं. आता एवढं बघ. श्वासागणिक शेपटी वरखाली होते का? झोपताना एक पाय पोटाशी घेतो की दोन्ही पायांवर बसतो? वाटीत दाणे दिसतात की नुसती टरफलं? टरफलांवर फसू नकोस, फुंकर मारून बघ. विष्ठा पातळ आहे का? दवाखान्यातला छोटा काटा पार्सलने पाठवतोय, रोज सकाळी खाण्याआधी वजन कर आणि लिहून ठेव. घरातलं कुठलंही औषध देऊ नकोस. त्याला ऊब लागते. पिंजऱ्यावर तीन बाजूंनी कापड टाक आणि तुझी ती निजायच्या खोलीची खिडकी, बारा महिने वीतभर उघडी असते ती, घट्ट लावून घे. वारा अजिबात नको.

आता भावोजींचं. हसलो नाही. हिला सांगितलं तर ती म्हणाली, ताईंना एकटं राहून राहून असं होतंय, चार दिवस इकडे आणा. मलाही तसंच वाटतं. डोकं वगैरे दुखतं का तुझं? खरं सांग.

तुझा लोभ मला हक्काने हवा, मागणार नाही.
धाकटा


शुक्रवार, १६ जानेवारी

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

काटा मिळाला. मुकादम त्यावर असा उभा राहतो, जसं काही माझंच वजन होणार आहे. तू म्हणालास तसं लिहून ठेवलंय. सोमवारी तेहेतीस ग्रॅम, मंगळवारी बत्तीस, बुधवारी एकतीस. शेपटी हलते. दोन्ही पायांवर झोपतो. वाटीत वर टरफलं आणि खाली दाणे तसेच. बुधवारी तो दांडीवरून उतरून पिंजऱ्याच्या तळाला कोपऱ्यात बसला होता. मी हात घातला तरी चोच मारली नाही, तेव्हा मला रडू आलं. मग काल गुरुवारी काय झालं कोण जाणे, पहाटेपासून बडबड सुरू. मागच्या गुरुवारीही असंच. आज पुन्हा तळाला. तुझ्या पुस्तकात वाराप्रमाणे येणारा आजार आहे का?

खिडकी लावलीच आहे. फटींतून गार यायचं, म्हणून रफूच्या चिंध्या कोंबल्या.

हे आता जवळजवळ रोज येतात. पाच-साडेपाचला भिंतीत टकटक होते, खोकला ऐकू येतो. माझ्या या कानांना, विचार कर! मग हे दिसतात. पाठच असते, पण काल नाही, परवा मान जराशी वळली होती. गाल दिसला, दाढी न केलेला. मला उठता येत नाही, हातपाय कापसासारखे होतात. उठल्यावर डोकं ठणकतं, मळमळतं. दहापर्यंत उतरतं. मला त्याचं काही नाही. गुरुवारी मात्र हे येत नाहीत. जिवंतपणी कधी साप्ताहिक सुट्टी घेतली नाही, आता घेतात.

तिकडे यायला सांगितलंस, पण खालच्या लाँड्रीवाल्यांनी ढीगभर काम दिलंय. दिवाणखान्याचे पडदे, हॉटेलच्या चादरी. नोव्हेंबरात दुकान टाकलं, माणसं चांगली आहेत. बाई वर येऊन मुकादमाशी बोलून जाते.

जास्त काळजी करू नकोस, थोडी कर.
ताई


सोमवार, १९ जानेवारी (स्पीड पोस्टने)

ताई, नमस्कार राहू दे, आधी हे वाच. फोन लावला, तू उचलला नाहीस.

तुझं पत्र मी आमच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, यांच्या घरात किंवा खाली काय जळतं? मी म्हटलं, ताईची शेगडी विजेची आहे. मग ते म्हणाले, लाँड्री म्हणजे बॉयलर, आणि बॉयलर म्हणजे धुराडं. ते कुठून वर जातं? मला आठवलं, तुझ्या पलंगामागच्या भिंतीतून. पूर्वी तिथे बेकरीचं होतं. लाँड्री गुरुवारी बंद असते का? असणारच.

त्या भिंतीला कुठे तरी चीर आहे. त्यातून येतो त्या वायूला वास नसतो, रंग नसतो. पक्ष्याला तो आधी लागतो, मग माणसाला. माणसाचं डोकं दुखतं, हातपाय जातात, आणि नसलेलं दिसतं, ऐकू येतं. आणि मी तुला खिडकी लावायला सांगितली! चिंध्या आत्ताच्या आत्ता काढ. खिडकी सताड उघड. त्या खोलीत तूही झोपू नकोस, तोही नको. लाँड्रीवाल्यांना सांग, बॉयलर पेटवू नका. त्याआधी रजा मिळत नाही, मी शुक्रवारी दुपारपर्यंत पोचतो, गवंडी बघू.

धाकटा


बुधवार, २८ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. बसने नीट पोचलो. तुला प्राणवायूची नळी लावलेली बघून आलोय, ते डोळ्यांपुढून जात नाही. घरी सोडून निघालो तेव्हा तू माझ्या डब्याची काळजी करत होतीस, म्हणजे सुधारलीस.

पण एक गोष्ट तोंडावर विचारवली नाही. माझं पत्र तुला बुधवारीच मिळालं होतं. ते तुझ्या उशीखाली होतं, फोडलेलं. तरी शुक्रवारी सकाळी लाँड्रीवाले दार फोडून आत आले तेव्हा खिडकीत चिंध्यांचे दोन थर होते. दुसरा थर नवा, निळ्या कापडाचा. बॉयलरबद्दल तू त्यांना चकार शब्द सांगितला नव्हतास. आणि पिंजरा मात्र खाली त्यांच्या दुकानात होता. बाई सांगत होती, पाच वाजता ताई जिना उतरून आल्या, म्हणाल्या, आज याला इथेच राहू द्या. तासाभराने तो दांडीवर नाचायला लागला, तेव्हा बाईला खटकलं की ज्याला ताई क्षणभर नजरेआड करत नाहीत त्याला इथे का सोडलं. म्हणून तिने नवऱ्याला वर पिटाळलं.

ताई, तू त्याला वाचवलंस आणि स्वतः वर गेलीस. का?

रागावलेला नाही. घाबरलेला आहे.
धाकटा


सोमवार, २ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. या वेळी कान माझा पकड.

तुझं पत्र वाचलं तेव्हा सगळं उमगलं. मी अडाणी नाही. चिंध्या काढायला हात खिडकीकडे गेलाही होता. पण आदल्या दिवशी यांचा कान आणि डोळ्याची कड दिसली होती. आणखी एकदा आले असते तर चेहरा दिसला असता. दुसऱ्या दिवशी गुरुवार, म्हणजे येणार नाहीत. शुक्रवारी दुपारी तू येणार आणि भिंत बुजवणार. मला एकच सकाळ उरली होती.

मरायचं माझ्या मनात नव्हतं रे. यांना शेवटचं मी पाहिलं ते कापडाखाली. तुम्ही सगळ्यांनी मला सांभाळायचं म्हणून तोंड बघू दिलं नाहीत. चांगल्या मनाने केलंत, मला ठाऊक आहे. पण तीन वर्षं मी त्या कापडाशी बोलतेय. मुकादमाचा यात काही दोष नव्हता, म्हणून त्याला खाली ठेवलं, आणि पलंगावर पडले.

हे आले. मोजे घातले. मी वाट बघत होते. मग हे उठले आणि सरळ पिंजऱ्याच्या जागेकडे गेले. खुंटी रिकामी होती. तिथे बराच वेळ वाकून बघत राहिले. मग मला विचारलं, पाठमोरेच, की पाखरू कुठे गेलं. मला सांगायचं होतं, खाली आहे, बरं आहे. जीभ हलली नाही. तर हे त्याला शोधायला दाराबाहेर गेले. माझ्याकडे बघितलंच नाही, धाकट्या. त्यानंतर दाराचा आवाज झाला, मला वाटलं परतले, तर लाँड्रीवाले.

शनिवारी गवंडी आला, तोवर बॉयलर बंदच होता. चीर चांगली करंगळीएवढी होती. सिमेंट कालवून तयार झालं तेव्हा मी त्याला म्हटलं, जरा थांबा. तो थांबला. मी भिंतीला हात लावून उभी राहिले. भिंत गार होती, बाकी काही नाही. मग त्याला नीट दिसेना, म्हणून दिवा मीच धरला. बुजेपर्यंत धरला.

मुकादम चौतीस ग्रॅम झाला. दाणे खरंच खातो, मी फुंकर मारून बघितलं. आजपासून सकाळी मी खाली लाँड्रीतच रफूला बसते, बाईने खिडकीजवळ टेबल दिलंय. वर एकटीने बसू नये असं तिला वाटतं. तिने मला तसं सांगितलं नाही, टेबल दिलं.

निजायची खोली मी आवरली. पलंग दुसऱ्या भिंतीला लावला. खिडकीचं एक दार काढूनच टाकलंय, आता ती लावायची म्हटली तरी लागणार नाही. थंडी येते, येऊ दे. आणखी कुणाला यायचं असेल तर त्यांनीही तिथूनच यावं.

पुढच्या महिन्यात तुझ्याकडे येते. तुझ्या बायकोला सांग, माझ्यावर नजर ठेवायची असेल तर खुशाल ठेव, पण गुपचूप नको.

तुझ्या लोभात कमी पडले, ते मनावर घेऊ नकोस.
ताई