हा माणूस तोच आहे का?

३ मार्च
मुलाने टॅब्लेट आणून दिलाय. घरातले सगळे जुने अल्बम स्कॅन करून आत घातलेत. 'बाबा, वेळ जाईल तुमचा.' म्हणजे माझ्याशी बोलायला यांना वेळ नाही!

४ मार्च
दोन तास बसलो. बोट लागलं की फोटो भर्रकन पळतात. बायको एकाही फोटोत समोर बघत नाही. सारखी माझ्याकडे – आपलं काही चुकलं का, अशी. ती जाऊन सहा वर्षं झाली. आज दिसलं.

६ मार्च
हे यंत्र चेहरे ओळखतं म्हणे. माझा आणि थोरल्या भावाचा फोटो शेजारी ठेवून विचारतंय – हा माणूस तोच आहे का? 'नाही' दाबलं. पुन्हा तेच. अकरा वेळा! चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आणि हे डबडं मला चेहरे शिकवणार! कान सारखे आहेत, कबूल. पण आई महिनाभर दवाखान्यात होती, तेव्हा हा एकदाही फिरकला नाही. आमचं आधीच बिनसलं होतं, त्यानंतर कायमचं तुटलं. बावीस वर्षं तोंड पाहिलं नाही. पाहणारही नाही.

९ मार्च
एक कधीच न पाहिलेला फोटो निघाला. मुलगा म्हणाला, 'आईच्या अल्बममध्ये दुसऱ्या फोटोमागे होता.'
दवाखान्याची खाट. माझी आई उशीला टेकलेली. भाऊ तिला चमच्याने भरवतोय. खिडकीत दुपारचं ऊन – म्हणजे मी शाळेत. मी असताना तो कसला येतोय! फोटो काढणारी माझीच बायको. लपवणारीही तीच.
आई बोलली नाही, ही बोलली नाही. दोघी मला इतक्या...
लिहवत नाही.

१० मार्च
जेवलो नाही. सुनेने विचारलं, 'बरं वाटत नाही का?' तिच्यावर खेकसलो. सवय!

११ मार्च
मुलाला म्हटलं, 'काकाला फोन लावून दे.' तो खुर्ची ओढून समोर बसला.
'बाबा, काका जाऊन तीन वर्षं झाली.'
'आणि मला सांगितलं नाहीस?'
'सांगायलाच आलो होतो. काका एवढा शब्द काढला, तर तुम्ही ताट भिरकावलंत.'
आठवलं. पोरगं खाली बसून फरशी पुसत होतं. आणि मी वरून म्हणालो होतो – नीट पूस.