पिवळे मासे आणि तुझी मावशी

प्रिय ठकू,

काल तुझा फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक आहे म्हणून मी ठेवून दिला. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. मी एकटीच चष्म्याच्या काड्या पुसत बसले होते. बाळंतपणाला मी आणि तुझी मावशी, दोघी एकदम आलो तर चालेल का, असं तू विचारलंस. तेव्हा माझ्या तोंडून जो शब्द निघाला असता तो बरा नसता. म्हणून लिहितेय, लिहिलेलं निदान खोडता तरी येतं. उत्तर देणार आहे, पण आधी मासे. ते झाल्याशिवाय मला हे उत्तर सुचलंच नसतं.

त्याआधी हे 'मावशी' प्रकरण. मावशी म्हणजे आईची बहीण. ती माझी बहीण कधीपासून झाली गं? तुझ्या बाबांनी मला सोडून जिच्याशी लग्न केलं, तिच्या नि माझ्या नात्याला आपल्यात चांगला जुना शब्द आहे. तो मी लिहीत नाही, कारण मी सभ्य बाई आहे. तू खुशाल मावशी म्हण. मला ऐकू येईल असं म्हणू नकोस, एवढंच.

तर मासे. जावई मध्ये कामानिमित्त इकडे आले, ते थर्माकोलच्या खोक्यातून पाण्याची पिशवी घेऊनच. आत चार पिवळेधमक मासे. म्हाताऱ्या दोन माशांनी मान टाकल्यापासून टाकी ओकीबोकी दिसत होती, त्यामुळे मी अशी हरखले म्हणून सांगू! म्हटलं, लेकीनं आठवणीनं पाठवले. तेवढ्यात जावई म्हणाले, मावशींनी स्वतः दुकानात उभं राहून निवडलेत. झालं! हसू जिथल्या तिथं गारठलं. वर सूचनाही आल्या होत्या. आधी काही आठवडे वेगळ्या टबात ठेवा, आजारी नाहीत ना ते बघा. मग टाकीतले सगळे दगड हलवून नव्यानं रचा, जुन्यांना पोटभर खायला घाला, दिवा बंद करा आणि चौघांना एकदम सोडा, एकेकटा सोडू नका. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तू शाळेत होतीस तेव्हापासून ती टाकी आपल्या घरात आहे. तू गेल्यावर तिचं पाणी कोण बदलतं? नळी तोंडानं ओढताना घोटभर घाण पाणी कुणाच्या पोटात जातं? आणि ही बया मला शिकवणार! कुणी सांगितल्यात हिला लष्कराच्या भाकऱ्या भाजायला?

टबात ठेवले, कारण तेवढं मलाही ठाऊक होतं. पण दगड? ते दगड तू रचलेत. दप्तर फेकून, बाह्या दुमडून, फ्रॉक ओलाचिंब करून रचलेत. मधला तो सपाट दगड तीन वेळा घसरला आणि तू भोकाड पसरलंस, आठवतं? हिच्या माशांसाठी मी ते हलवायचे? मुळीच नाही. सुट्टीच्या दिवशी भर सकाळी, दिवा चालू, कुणाला दाणा घातलेला नाही, अशा वेळी मी चौघांतला सगळ्यात दांडगा मासा उचलला आणि दिला सोडून. एकटाच.

हे आफ्रिकेतल्या तळ्यांतले सिक्लिड दिसायला राजबिंडे, पण स्वभाव शुद्ध भाऊबंदकीचा. प्रत्येक कपार कुणाच्या ना कुणाच्या नावावर. आपला जुना निळा मासा, जमादार, सपाट दगडाखालून बाण सुटावा तसा सुटला. मी काचेला नाक लावून बसले होते. खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडून 'शाब्बास' निघालं. त्या घटकेला मला तो मासा नव्हताच दिसत, तीच दिसत होती. मग बाकीचेही तुटून पडले. तो बिचारा ज्या कपारीत शिरे तिथून कुणीतरी हुसकावी. शेपटीच्या चिंध्या झाल्या. शेवटी हीटरच्या मागे, अगदी वरच्या कोपऱ्यात, तोंड वर करून उभाच राहिला. हालचाल नाही, नुसता श्वास घेत होता. मी काचेपासून मागे सरले.

कारण मला तुझं स्वयंपाकघर आठवलं. तुला उलट्या होत होत्या म्हणून मी आले होते ना, तेव्हाचं. तुला चहा करून द्यावा म्हणून मी एक खण उघडला, दुसरा उघडला, तिसऱ्यात तुझ्या नवऱ्याची हत्यारं निघाली. ती तुझे पाय चोळत बसली होती. उठलीसुद्धा नाही. तिथूनच म्हणाली, "ताई, खालच्या खणात बघा, डाव्या हाताला." चांगुलपणानंच म्हणाली गं. आवाजात जरा जरी खवटपणा असता तर मी कडाकडा भांडून मोकळी झाले असते. तुला जन्म दिला मी, आणि तुझ्या घरात डबा कुठला ते मला तिनं सांगायचं! संध्याकाळभर मी बाल्कनीत वॉशिंग मशिन नि कपड्यांच्या स्टँडच्या मधे उभी होते. तुला वाटलं, आई प्रवासानं दमलीय. दमले नव्हते. जळत होते. तू कुठल्या कुशीवर झोपतेस, कुठल्या वासानं तुला मळमळतं, सगळं तिला पाठ. फिजिओथेरपीवाली ती, तिच्या हाताला गुण आहे, हे तूच मला दरवेळी फोनवर सांगतेस. असेल. माझ्या हातानं काय तुला काटे टोचायचे?

असो. जाळीनं तो मासा अलगद काढला, परत टबात ठेवला आणि शेपटी भरून यायची वाट पाहिली. मग पुढच्या एका सुट्टीला पदर खोचला. टाकीतला एकूणएक दगड हलवला. तुझा सपाट दगड उजव्या कोपऱ्यात उभा केला. रडूही आलं जरा, पण हात आधीच ओले होते, कुणाला कळणार? सगळ्यांना पोटभर खाऊ घातलं, दिवा घालवला, टाकीवर चादर टाकली आणि चौघांना एकदम सोडलं. संध्याकाळी चादर काढून बघते तर जमादार इकडून तिकडे फिरतोय, बदली होऊन नव्या कचेरीत आलेला साहेब आपली खुर्ची कुठली ते शोधतो ना, तसा. भांडणार कशावरून? त्यालाच स्वतःचं घर सापडत नव्हतं. आता त्यानं एक कपार धरलीय आणि शेजारचीच त्या फाटक्या शेपटीवाल्यानं. अधूनमधून एकमेकांच्या अंगावर धावून जातात, नाही असं नाही. पण कुणी कुणाचे लचके तोडत नाही. तिचं बरोबर होतं. हे वाक्य लिहायच्या आधी मी उठून दोनदा पाणी पिऊन आले.

तर ठकू, उत्तर. येते मी. तीही येऊ दे, तुला चालायला लावायला तिचे हात लागतील, ते मला कळतं. माझा मत्सर मी घरी ठेवून येईन अशी खोटी वचनं मी देत नाही, तो माझ्याबरोबरच गाडीत बसणार. म्हणून एक कर. आम्ही यायच्या आधी जावयांना कामाला लाव आणि सगळं स्वयंपाकघर उलटंपालटं करून टाक. सगळे डबे, सगळे खण, बाळाचे लंगोट, औषधं, टॉवेल, सगळं नव्या जागी. तू मात्र खुर्चीतून हलायचं नाहीस, नुसतं बोट दाखवायचं. आणि कुठे काय ठेवलंय ते आम्हा दोघींनाही सांगायचं नाही, तुला माझी शपथ आहे. पहिल्या सकाळी आम्ही दोघीही चुकीची दारं उघडत फिरू. मग तीच कधीतरी कंटाळून विचारेल, "ताई, इथं काय कुठं आहे हो?" आणि मी म्हणेन, "मलाही नाही माहीत. तुम्ही तिकडून बघा, मी इकडून बघते."

तुझीच,
आई