डेव्हिडच्या दारावरची पाटी

रोहा, मे १९९३, मंगळवार

इंग्लंडहून डेव्हिडचं पत्र आलं. निवडणुकीमुळे त्याच्या गल्लीत दोन तट पडलेत. अर्ध्या खिडक्यांत ‘बाहेरच्यांना हाकला’ची पोस्टरं, अर्ध्यांत त्या हाकलणाऱ्यांविरुद्धची. रोज चहाला येणारी शेजारीणही हाकलणाऱ्यांतली निघाली! ‘आई, दारावरची पाटी काढू का?’ विचारतोय. पाटीवर आमचं आडनाव. आम्हा बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, आडनाव गावावरूनच, म्हणजे पाटीवर रोहाच की. तरी दुपारी घाबरून ‘काढ’ लिहिलं आणि पत्र टाकूनही आले. चुकलं का माझं? पाटी काढेल, पण चेहरा कुठे लपवेल?

एवढ्यात दार वाजलं. मी श्वास रोखून बसले.

“काय गो, दिवसाढवळ्या कडी? बरं नाय काय?”

चाळीस वर्षं मासळी आणणारी काशी होती.

कडी कधी लावली, मलाच आठवेना.