दोन्ही बाजूंचा हशा

तीर्थरूप बाबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. मी बरी आहे. खोलीत ऊन येतं, खानावळीचं जेवणही आता अंगवळणी पडलंय.

तुमच्या अडकलेल्या पेन्शनचं काय झालं, असं तुम्ही फोनवर विचारता आणि मी विषय बदलते. म्हणून आज लिहूनच सांगते. सभागृहात आठवडाभर तीच चर्चा होती. सरकार पक्ष म्हणतो, आधीच्यांनी उधळपट्टी करून कर्ज वाढवलं. विरोधक म्हणतात, यांनी बड्यांचे कर माफ करून तिजोरी रिकामी केली. आम्ही लघुलेखक कानावर पडेल ते उतरवून घेतो. कुणी हसलं, तर तेही कंसात लिहायचं असतं.

काल एक सदस्य म्हणाले, "खरी अडचण ही आहे की पेन्शनवाले लवकर मरत नाहीत." दोन्हीकडची बाकं खदखदून हसली. मी कंसात ‘हशा’ लिहिलं. मग विषय पुढच्या अधिवेशनावर ढकलला.

तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पेन्शनची वाट बघू नका. मी बघते काहीतरी. बीपीची गोळी तुम्ही अर्धी करून घेता, असं आई म्हणाली. खरं का?

काका त्या पक्षाचे, तुम्ही या पक्षाचे, म्हणून सख्ख्या भावाशी अबोला धरलात. पेन्शन त्यांचीही अडकलीय. हे पत्र त्यांना वाचून दाखवा. कुणाची माणसं हसली, असं ते विचारतीलच. सांगा त्यांना, तुझीही आणि माझीही.

तुमची,
धाकटी